सावलीतून मोजलेला वेग

शेवटच्या साध्या रविवारी आई सकाळपासून सर्जेरावांना नावं ठेवत होती. म्हणजे दिवस खरोखरच साधा होता.

मी जालन्यात कॉलेजात मराठी शिकवते. महिन्यातून दोनदा भोकरदनला घरी येते. त्या रविवारी मैदानावर मुलींच्या सॉफ्टबॉलची निवड चाचणी होती आणि आईने मला सोबत चल म्हटलं होतं. आई म्हणजे बेबीनंदा मॅडम. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाली, पण मुलींचा संघ काही तिने सोडला नव्हता. सॉफ्टबॉल आमच्याकडे का रुजला याची सुंदर सुंदर कारणं भाषणांत सांगतात. खरं कारण एवढंच, की वरच्या पातळीपर्यंत खेळलं तर दहावीला गुण वाढून मिळतात. क्रिकेटपेक्षा मोठा चेंडू, आणि तो फेकणारी पिचर हात खांद्याभोवती गरकन फिरवून कमरेच्या खालून सोडते. चांगल्या पिचरचा चेंडू मला कधी दिसलाच नाही. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आवाज झाला, की टाकला असं मी समजायचे.

सर्जेराव तालुक्याच्या संघटनेचे सचिव. त्यांची स्वतःची शाळा आहे, सिमेंटची एजन्सी आहे आणि पांढऱ्या बुटांचे बरेच जोड आहेत. सॉफ्टबॉल ते कधी खेळलेले नाहीत. यंदा त्यांनी संघटनेसाठी स्पीड गन आणली. पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र, चेंडूकडे रोखायचं, मागच्या पडद्यावर ताशी किलोमीटरचा आकडा येतो. दसऱ्याला त्यांनी तिची पूजा केली, नारळ फोडला आणि कपाळ समजून जिथे कुंकू लावलं ती नेमकी तिची बघायची बाजू होती. ते कुंकू आईने रुमालाने पुसलं, तेव्हा "मॅडमला देवाधर्माचं काही न्हाई" असं ते चार लोकांत बोलले होते.

गनसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. अख्ख्या तालुक्यात ती वाचावी असं फक्त आईला वाटलं. तिने पानांचे फोटो काढून मला पाठवले आणि फोनवर एकेक ओळ मराठीत करून घेतली. मुद्दा एकच होता. चेंडू आपल्याकडे किती वेगाने येतोय एवढंच त्या गनला कळतं. म्हणून कॅचरच्या मागे, चेंडूच्या सरळ रेषेत उभं राहून मोजायचं. बाजूला उभं राहिलं तर चेंडू तिच्याकडे येतच नसतो, अंगावरून तिरपा जात असतो, आणि आकडा कमी पडतो. जितकं बाजूला, तितका कमी.

"म्हणजे गन खोटं बोलत न्हाई," आई म्हणाली होती. "माणूस चुकीच्या जागी उभा राहतो."

मैदानाच्या कडेला पाण्याची उंच टाकी आहे. दुसरी सावली तिथे नाही. सकाळी टाकीची सावली कॅचरच्या मागे पडते. म्हणून सकाळी सर्जेरावांची सोफ्याची खुर्ची कॅचरच्या मागे होती. चुकून योग्य जागी. आधी त्यांच्या शाळेच्या मुली होत्या. त्यांचे आकडे पडले अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर. सर्जेराव प्रत्येक आकडा माइकवर स्वतःच्या मुलीचं लग्न ठरल्यासारखा सांगत होते. मग सत्कार झाला. मग पाहुणे आले, त्यांचा सत्कार झाला. मग सत्कार करणाऱ्यांचा झाला. तोपर्यंत सावली सरकत बाजूला, पहिल्या बेसकडे गेली आणि तिच्या मागोमाग खुर्चीही गेली. दोन शिपाई खुर्ची उचलत होते आणि सर्जेराव गन पोटाशी धरून मागे चालत होते. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. माणूस सावलीत बसतो, त्यात काय.

दुपारी आईच्या मुलींची पाळी आली. सगळ्यांचे आकडे पन्नाशीत.

दैवशालाचा एक्कावन्न.

ही दैवशाला म्हणजे आईची सगळ्यात चांगली पिचर. दहावीत आहे, या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि गणितात तिला वाढीव गुणांची नितांत गरज आहे. एक्कावन्न ऐकून ती हाताकडे बघत उभी राहिली. हातच बदलला असावा असं तिला वाटत होतं. तिच्या पुढच्या मुलीचा चेंडू हातातूनच निसटला आणि पायाशी पडला, तरी पडद्यावर चव्वेचाळीस आले. नेमकी तेव्हाच मागच्या रस्त्यावरून सिल्लोडची एसटी गेली होती. सर्जेराव म्हणाले, "पाहा, जोर है पोरीत. फक्त पकड ढिली है."

आई खुर्चीपाशी गेली.

"साहेब, गन कॅचरच्या मागं न्या."

"मागं ऊन है मॅडम."

"मंग माझ्याकडं द्या. मी उभी राहते."

"तुमचं बीपी काय, वय काय. बसा. चहा सांगू का?"

"मी तुमच्या डोक्यावर छत्री धरते. तुम्ही उठूबी नका, ही दोघं तुम्हाला खुर्चीसकट नेतील. पण मागं चला."

दोघे शिपाई हसले आणि लगेच गप्प झाले.

"छत्रीत फोटो बरा येत न्हाई मॅडम," सर्जेराव म्हणाले. मग त्यांनी माइक हातात घेतला. कारण तोपर्यंत त्यांनाही दिसलं होतं, की दुपारच्या सगळ्याच मुलींचा वेग पडलाय, आणि त्याचं काहीतरी कारण असायला हवं. ते कारण त्यांना बसल्या बसल्या सापडलं. "सकाळच्या पोरी हलक्या पोटाच्या होत्या," त्यांनी सांगितलं. "ह्या डब्बे खाऊन आल्या. भाकरी-ठेचा खाऊन स्पीड निघते का कुठं? बिलकुल न्हाई निघत. आमचा अनुभव है."

शेजारच्या दोन शिक्षकांनी मान डोलावली. त्यातले एक विज्ञान शिकवतात.

संध्याकाळपर्यंत संघटनेच्या ग्रुपवर सूचना आली, की यापुढे चाचणीआधी खेळाडूंनी काही खाऊ नये. खाली सचिवांचा फोटो होता. नव्याण्णव लोकांनी अंगठे दाखवले होते.

घरी आल्यावर आई ओसरीत पाय लांब करून बसली. पप्पा, म्हणजे राजानंद, पोस्टातून निवृत्त झालेले, अत्यंत शांत माणूस, तिला पाणी देऊन आत गेले. आमच्या घरात बोलायचं ते आईने. पप्पा आणि मी ऐकायचो, आणि ऐकणारे दोन असले तरी कमीच पडायचे.

"पाह्यलंस ना तू," ती म्हणाली. "मी बराबर है का न्हाई, एवढं सांग."

"पुस्तिकेत तसंच लिहिलंय," मी म्हणाले.

"पुस्तिकेचं मला ठाऊक है. तू काय म्हणतेस?"

तेवढ्यात कुणीतरी दारात आलं, बहुतेक दूधवाला, आणि विषय तिथेच राहिला. जेवताना तिने पुन्हा सर्जेराव काढले, पण मला पुन्हा विचारलं नाही. मेथीत मीठ जास्त झालं होतं. तीच सांगत होती, की आज राग मिठात गेला.

सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी बसली आणि म्हणाली, छातीवर कुणी बसल्यासारखं होऊन राह्यलंय. आम्ही गाडी करून जालन्याला निघालो. राजूरच्या अलीकडे ती गेली. पप्पा पुढच्या सीटवर होते. राजूर मागे पडेपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आईचा फोटो गोरा करून, ओठांना रंग देऊन, कोपऱ्यात. मध्ये हात जोडलेले सर्जेराव, तिच्याहून बरेच मोठे. गेलेलं माणूस नेमकं कोण, हे वाचल्याशिवाय कळू नये असा तो फलक होता. लोकांनी पप्पांना थांबवून थांबवून सांगितलं, साहेबांनी लई मोठा फलक लावला. पप्पांनी प्रत्येकाला हात जोडले.

दैवशाला रोज येत होती. भांडी घासून जायची. चौथ्या दिवशी मी तिला विचारलं, निवडीचं काय झालं. ती म्हणाली, "न्हाई झालं." मी सर्जेरावांना फोन केला.

"दैवशालाची चाचणी परत घ्याल का? कॅचरच्या मागे बसून?"

"ताई, तुम्ही मराठीच्या ना? मंग तुम्हाला काय सांगू. गन बाहेरदेशाची है, ती चुकत न्हाई." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पण मॅडमचा जीव होता त्या पोरीवर. निवडलेल्या एकीचा पाय मुरगळलाय, एक जागा खाली है. असं करू, मॅडमच्या कार्यक्रमाच्या दिवशीच घेऊ. चार वाजता. श्रद्धांजली म्हणून."

चार वाजता टाकीची सावली पहिल्या बेसच्याही पलीकडे जाते. ते मला दिसत होतं. मी "बरं" म्हणाले. मी नेहमी बरं म्हणते. माणसांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याबद्दल मनात काय ते ठरवून टाकणं मला सोपं जातं, आणि सर्जेरावांबद्दल तर ठरवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोरच्या मांडवात झाला. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, खाली आईचा फोटो, यावेळी तिच्या खऱ्या रंगाचा. सगळे पांढऱ्या कपड्यांत. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मुली एका रांगेत बसल्या होत्या आणि त्यांचे आवाज इतरांपेक्षा स्पष्ट येत होते. तेवढा वेळ मला बरं वाटलं.

मग आदरांजली सुरू झाली. आमच्याकडे माणूस गेलं की मांडवात येणाऱ्या प्रत्येकाला माइकची आठवण होते. एकाने आईला वाघीण म्हटलं, एकाने दीपस्तंभ. समुद्रापासून इतक्या लांब दीपस्तंभ कुणाच्या कामाचा, हा प्रश्न मांडवात फक्त आईने विचारला असता. एक गृहस्थ तर स्वतःच्या बढतीबद्दलच बोलले आणि शेवटी घाईघाईने तिचं नाव घेऊन बसले.

सर्जेराव शेवटी उठले.

"मॅडम मैदानावर जगल्या आणि मैदानावरच गेल्या," त्यांनी सुरुवात केली. ती गाडीच्या मागच्या सीटवर गेली होती, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. "माझ्यात आन् मॅडममध्ये कधी मतभेद न्हाई झाला. शेवटच्या दिवशीबी आम्ही सोबत स्पीड मोजून राह्यलो होतो. उपाशीपोटी पिचिंग, हा जो शोध आपल्या तालुक्यानं लावला, तो मॅडमच्या मार्गदर्शनाखाली लावला. आता जिल्हासुद्धा आपलं पाहून करून राह्यलाय. म्हणून मी जाहीर करतो, दरवर्षी सगळ्यात वेगवान पिचरला 'बेबीनंदा मॅडम स्मृती चषक'. कप बनवायला टाकलाय. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार हैत."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कुणाला आठवलं नाही. पप्पा रुमालाने डोळे पुसत होते. "बघ," ते माझ्या कानाशी म्हणाले, "नाव राहील तिचं."

मी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या घडीला मी तेवढंच करू शकत होते. तिचं नाव राहणार होतं, आणि ते एका अशा कपावर राहणार होतं जो टाकीच्या सावलीत बसून, उपाशी मुलींना, चुकीचा आकडा बघून द्यायचा होता. तिच्या मार्गदर्शनाखाली.

मग पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. मी पुऱ्यांचं ताट घेऊन वाढायला लागले. मोठ्यांची पंगत भराभर पुढे गेली. मुलींच्या रांगेपाशी आले तर पत्रावळी कोऱ्या. वाढपी पुढे निघून गेले होते, कारण प्रत्येकीने पत्रावळीवर हात आडवा धरला होता.

"काय झालं?" मी दैवशालाला विचारलं.

"नको ताई."

"का?"

"चार वाजता ट्रायल है. साहेबांनी उपाशी यायला सांगितलंय."

"सकाळी काय खाल्लं?"

"चहा घेतल्ता."

शेजारची रूपाली, आईची कॅचर, तोंडाची फटकळ, म्हणाली, "ताई, ही कालपासूनच जेवून न्हाई राह्यली. म्हणते ऐंशी पडले पाहिजेत. मी म्हणलं, पडशील बाई. बॉलच्या आधी तूच येऊन पडशील माझ्या ग्लोव्हात."

मुली हसल्या. दैवशालासुद्धा हसली, पण तिचा हात पत्रावळीवरून हलला नाही.

"मग तुम्ही बाकीच्या का नाही जेवत? ट्रायल तर हिचीच आहे ना?"

"हिच्यासमोर कसं खायचं ताई," रूपाली म्हणाली.

ह्या आईच्या मुली. उन्हाळ्यात सरावाला येताना यांच्यासाठी ती शेंगदाण्याचे लाडू डब्यात घेऊन जायची. खाल्ल्याशिवाय एकीलाही चेंडूला हात लावू देत नसे. आणि तिच्या पुण्यानुमोदनाच्या पंगतीत त्या तिच्या घरचं अन्न नको म्हणत होत्या, तेही तिच्याच नावावर खपवलेल्या फतव्यामुळे.

मी पुऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि मोठ्यांच्या पंगतीकडे गेले. सर्जेराव मधोमध बसले होते. दुसऱ्यांदा बुंदी घेत होते.

"सर्जेराव," मी म्हणाले.

साहेब न म्हणता हाक मारलेली त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकली नसावी. आधी त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"बोला ताई. जेवण झकास झालं. बुंदी तर एकदम—"

"मुलींना जेवायला सांगा."

"अहो, चारला ट्रायल है ना. पोट भरलं की स्पीड—"

"जेवणाने वेग पडत नाही. तुम्ही बाजूला बसता, म्हणून आकडा पडतो. सकाळी सावली कॅचरच्या मागे असते, तुम्हीही मागे असता. दुपारी सावली सरकते आणि तुम्ही तिच्यामागे जाता. त्यात पोरींचा काही दोष नाही, भाकरीचाही नाही."

वाढपी थांबले. विज्ञानाचे शिक्षक पत्रावळीत बघायला लागले. मागून पप्पांनी माझी बाही धरली. "भावना, लोक जेवून राह्यलेत. नंतर बोल बेटा."

"नंतर चार वाजतील, पप्पा."

सर्जेराव हसले. भोवतालच्या लोकांकडे बघून, माझ्याकडे नाही. "ताईला दुःख झालंय. होतं असं. आपण समजून घेतलं पाहिजे."

"दुःख झालंय," मी म्हणाले. "पण ते वेगळं. आज चार वाजता गन माझ्या हातात राहील आणि मी कॅचरच्या मागे उभी राहीन. ते जमत नसेल, तर त्या कपावर माझ्या आईचं नाव घालता येणार नाही. पाहुण्यांना तसं कळवा."

आता ते हसले नाहीत. त्यांनी पप्पांकडे बघितलं, पप्पा सांगतील म्हणून. पप्पांनी माझी बाही सोडली. त्यांना ते नाव हवं होतं, हे मला माहीत होतं.

"ताई," सर्जेराव आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडमचंबी हेच होतं. मोठ्या जिद्दीच्या होत्या. पण आता गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं, त्या गनच्या बाबतीत त्यांचा जरा गैरसमज होता. आम्ही त्यांचं वय पाहून ऐकून घेत होतो."

मांडवात एवढी शांतता होती, की मुलींच्या रांगेतही ते ऐकू गेलं असणार. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. वर्गात शेवटच्या बाकावरचे मला नेहमी सांगतात, मॅडम, ऐकू येत नाही. आवाज कुठून काढायचा ते मी क्षणभर शोधत राहिले.

"गैरसमज नव्हता," मी म्हणाले, आणि ते शेवटच्या पंगतीपर्यंत पोचलं. "माझी आई बरोबर होती. मैदानावर तुम्ही सगळे होता, मीही होते, आणि एकटी तीच बरोबर होती. तुम्हाला मोजता येत नाही, सर्जेराव. तिला येत होतं."